एकच पान

मालतीताई पियानोवर बसण्याआधी स्वरलिपीच्या वहीचं प्रत्येक पान अंगठ्याने सोडवून घेत, मेथीची जुडी निवडावी तसं. "चिकटलेलं पान ऐन वेळी दगा देतं," त्या म्हणत. इंग्लंडमधल्या लीड्सच्या हॉस्पिटलात त्या तीस वर्षं नर्स होत्या. पियानो घरमालकिणीकडे शिकल्या आणि निवृत्तीनंतर चर्चच्या हॉलमधल्या दुपारच्या मैफलींत वाजवू लागल्या. वाजवायच्या मात्र विसाव्या शतकातलंच.

मी त्यांचा शेजारी, नागपूरहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलेला. त्यांनी मान हलवली की पान उलटायचं, एवढंच माझं काम. त्यांच्या आवडीची बारा सुरांची एक रचना पहिल्यांदा ऐकून मी विचारलं, "ताई, ह्यात सा कुठे आहे?"

"नाहीच. बाराही सूर सारखे. वॉर्डात कुणी बडा पेशंट असतो का रे?"

त्याआधीच्या शतकातलं, रोमँटिक काळातलं काही वाजवा म्हटलं, की हसत. "फार उसासे टाकतात ते संगीतकार. त्यांच्यानंतरच्यांनी खिडकी उघडली."

एका वसंतात त्यांचा अंगठा सुजला. वाजवण्यापुरता तो जपायचा, म्हणून पानं सोडवायचं कामही माझ्याकडे आलं. मी फोनवर ऑफिसचे मेसेज वाचत बसलो. ऐन मैफलीत, त्याच बारा सुरांच्या रचनेत, माझ्या हातून दोन पानं एकदम उलटली. ताई अडखळल्या, थांबल्या, स्वतः पान मागे घेऊन पुन्हा वाजवू लागल्या. नंतर चहाच्या वेळी व्यवस्था बघणाऱ्या मार्गारेटबाई हळहळल्या, "वय झालं बिचारीचं. पुढच्या वेळी काहीतरी जुनं, सोपं देऊ तिला."

मी कप धरून गप्प उभा राहिलो. त्याची लाज मला आजही वाटते.

तीन आठवड्यांनी त्यांच्या स्वयंपाकघरात कबूल केलं.

"ठाऊक आहे मला. डोळे शाबूत आहेत माझे, बाबा."

"मग बोललात का नाही?"

"बोलले असते, तर तू परत आला असतास? आणि मला काय सांगतोस? मार्गारेटला सांग. ती मला उसासे टाकायला लावणार आहे."

मी मैफलींच्या सगळ्या कमिटीसमोर सांगितलं. मार्गारेटबाईंनी निमूटपणे कार्यक्रमपत्रिका बदलली.

पुढच्या मैफलीत तीच रचना होती. त्या पानाशी पोचलो, तर कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं: "एकच, प्रशांत!" हसू दाबत मी एकच पान उलटलं. ताई शेवटपर्यंत अडखळल्या नाहीत.

त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्या वहीवरून आता माझी मुलगी वाजवते. पानं मी उलटतो, आणि आधी प्रत्येक पान अंगठ्याने सोडवून घेतो.