लॅबमधली अवाढव्य संख्या

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो! स्टाफरूमच्या कपाटावर धूळ बसते तसे ते बसत जातात. झटकायला चार माणसं हवीत, एवढंच. आमच्या दिग्रसच्या कॉलेजात गणिताचा मी एकटाच उरलो होतो, म्हणून आता तुम्हीच ऐका.

मंदा, माझी बायको, गेल्यावर संध्याकाळी घर खायला उठायचं. मग मी लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर एका संख्येची तपासणी लावली. दोनाला दोनानेच गुणत सुटायचं आणि शेवटी एक वजा करायचा, अशी ती संख्या. ती मूळ निघाली, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग गेला नाही, तर जगात ती पहिल्यांदा मला सापडणार होती! रिटायर होण्याआधी मला तेवढंच हवं होतं.

*

इतिहासाचे राठोड सर रोज चौकशीला यायचे. "केवढी हाये हो तुमची संख्या?"

म्हटलं, "सलग लिहिली तर ओळ इथून यवतमाळच्या पुढे जाईल."

"मंग वाटेत आर्णीले चहाले थांबा लागन!"

*

एकदा मी ऐटीत सांगितलं, "एवढी मोठी आहे, पण तिचा शेवटचा अंक मला आत्ताच माहीत आहे. सात!"

"शेवट माहीत असून मधातलं मोजून राह्यले? तुमी तं आमच्या इतिहासवाल्याईपेक्षा बेकार!"

*

खंडेनवमीला लॅबमध्ये गेलो तर स्क्रीन काळी! आमचे शिपाई गुलाबभाऊ यांनी मशीन बंद करून हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचा हार.

"गुलाबभाऊ, बंद कशाला केलं?"

"सर, आज औजारानं काम नाही करा लागत. पोळ्याले बैल जुपता का तुमी?"

नशीब, प्रोग्रॅम मधूनमधून झालेलं काम सेव्ह करायचा. मशीनला सुट्टी मिळाली. मी सुट्टी घेऊन कुठे जाणार? त्या हारासमोरच डबा खाल्ला.

*

राठोड सर रिटायर होऊन पुसदला मुलाकडे गेले. नंतर आलेल्या एका सरांनी विचारलं, "सिलॅबसमध्ये आहे का हे?" नाही म्हटल्यावर त्यांनी मोबाइल काढला. पुढे माझ्या संख्येची चौकशी कुणी केली नाही. माझीही नाही. खरं सांगतो, फार एकटं वाटायचं.

*

माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात तपासणी संपली. उत्तर आलं : मूळ नाही.

राठोड सरांना फोन लावला. कसंबसं सांगितलं.

"मंग कायनं भाग गेला तिले?"

"तेच कळत नाही सर. भाग जातो एवढं नक्की, पण कशाने, ते ही तपासणी सांगत नाही. कदाचित कधीच कुणाला सापडणार नाही." मला रडूच आलं.

तिकडे नातवाचा टीव्ही चालू होता. राठोड सरांनी तो बंद करायला लावला.

"म्हंजे एकटी नाही थे," ते म्हणाले. "कोणीतरी हाये तिले. फक्त आपल्याले पत्ता नाही. मंग तुमी कायले रडून राह्यले?"