पाटीची पहिली बाजू

मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीवर मी त्या संध्याकाळी मार्करनं एक वाक्य लिहीत होतो. अक्षर वळणदार यावं म्हणून इतका रमलो की विहिरीवरचा कॉक फिरवायचा राहून गेला. वाक्य होतं, 'रागाला बसायला जागा देऊ नये, उभ्या उभ्या वाटेला लावावं.'

विहीर माझी आणि चुलतभावाची एकत्र. एक दिवस पाणी माझं, एक दिवस त्याचं. आपली पाळी संपली की कॉक दुसऱ्याच्या पाईपकडं फिरवून घरी जायचं, एवढा एकच नियम. सकाळी लाईट आली की मोटार आपोआप चालू होते आणि कॉक जिकडं असेल तिकडं पाणी जातं. पाण्याला पाळी कुणाची ते कळत नाही.

वाक्य गुरुजींचं. गुरुजींनी आम्हा दोघांना चौथीपर्यंत शिकवलं. आता ऐंशी उलटली, कमरेत वाकलेत. पण रोज सकाळी कपाळाला भंडारा लावून खंडोबाच्या आरतीनंतर माईकवर एकच वाक्य बोलतात आणि गप घरी जातात. आवडलं की मी ते पेटीवर लिहितो, जागा संपली की रॉकेलच्या बोळ्यानं जुनं पुसतो. ही वाक्यं मी आजवर पुष्कळ वापरली, पण दुसऱ्यांवर. त्याच दिवशी सकाळी भाकरी करपली म्हणून बायको चिडली, तर रागाचं हे वाक्य मी तिला दोनदा ऐकवलं होतं. तिनं तिसरी भाकरी मुद्दाम करपवली.

दुसऱ्या दिवशी पाळी चुलतभावाची. कॉक त्याच्याकडं असणारच, या भरवशावर तो औषध आणायला तुळजापूरला गेला. द्राक्षात मणी धरत होते, एका दिवसाचंही पाणी चुकवून चालत नव्हतं. दुपारी परत येऊन बघतो तर त्याचं ठिबक कोरडं आणि माझ्या कांद्यात घोट्याइतकं पाणी. मी डबा घेऊन पोचलो तेव्हा तो विहिरीवर खोरं धरून उभा होता. माझ्याहून सहा महिन्यांनी लहान, म्हणून जन्मभर मला आण्णा म्हणतो.

"आण्णा, ही तिसरी बारी हाय," तो म्हणाला.

चुकलं, एवढं म्हणायचं होतं. तीन अक्षरं. त्याऐवजी मी म्हणालो की, एका दिवसानं काही बाग मरत नाही, उगा बोंबलू नको. तो म्हणाला, तुझा बाप असाच पाणीचोर होता. याच विहिरीवर माझ्या बापानं त्याच्या बापाचा पाय साखळीनं फोडला होता. चुलते मरेपर्यंत लंगडत चालले.

कॉक फिरवायला म्हणून मी लोखंडी पाना उचललेला होता. तो मी त्याच्या तोंडावर मारला.

ओला भोपळा आपटल्यासारखा आवाज झाला. त्याचे पुढचे दोन दात गेले, त्यातला एक सिमेंटच्या कट्ट्यावर उडून पडला. त्यानं मनगटानं तोंड पुसलं आणि मनगटाकडं बघितलं. "आण्णा, आता घे मग," म्हणाला. एवढ्यातही आण्णा सुटलं नाही. खोऱ्याचा पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा डोक्यावर. डोळ्यांत रक्त उतरलं तसा मी आंधळ्यासारखा त्याच्या अंगावर पडलो, आणि रक्तदाबाची गोळी खाणारे आम्ही दोघं पन्नाशीचे गडी कांद्याच्या चिखलात लोळायला लागलो. मी त्याच्या दंडाला चावलो. त्यानं माझं डोकं पाईपवर आपटलं. मग त्याचा गळा माझ्या हातात आला आणि मी दाबला. खरं सांगायचं तर घाबरवायला नाही, मरावा म्हणूनच दाबला. तो घरघरत होता. त्याच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणापासून वाकडी आहे. ती माझ्या गालावर ओरखडे काढत होती. शेजारच्या रानातून आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या खुरपणीच्या बायकांनी माझे केस धरून मला मागं ओढलं नसतं तर हे लिहायला मी घरी नसतो.

मी बेशुद्ध पडलो, मला सोलापूरला नेलं. डोक्याला अकरा टाके पडले. शुद्धीवर येताच मी सगळ्यांना सांगितलं की तो दबा धरून बसला होता, पहिला वार त्याचा, मी नुसता अंग वाचवत होतो. सांगताना आवाज इतका खरा लागला की माझा मलाच विश्वास बसला.

ते ऐकून बायकोनं माहेरी फोन केला. तिचे दोघे भाऊ ढोकीहून जीपमध्ये काठ्या-कुऱ्हाडी घालून आले आणि चुलतभावाच्या बागेतल्या तीस वेली बुंध्यातून तोडल्या. संध्याकाळी त्याच्या मेहुण्यांनी आमच्या घरावर दगडफेक केली. पत्रे फुटले, खिडकी फुटली. बायको ज्वारीच्या पोत्यांमागं बसून राहिली, एक दगड तिच्या पायाजवळ येऊन पडला. सकाळी तो पिशवीत घालून ती दवाखान्यात आली आणि माझ्या उशाशी ठेवला. म्हणाली, "त्याला आत घालायचाच. जमादार येतील तवा नीट सांगा." माझे मेहुणे म्हणाले, नुसती मारामारी नको, जिवे मारायला आला होता असंच सांगा, म्हंजी जामीन व्हायचा न्हाय. पोलीस ठाण्याचे जमादार आले. मी चक्कर येतेय म्हणालो. ते म्हणाले, ठीक आहे, उद्या जबाब घेतो.

म्हणजे चुलतभाऊ तुरुंगात जाणार की नाही, ते माझ्या तोंडावर होतं. आणि माझ्या तोंडावर, आपण बघितलंच, कुणी भरवसा ठेवू नये.

दुपारी गुरुजी आले. एसटीनं, एकटे. वेदना कुठं होतात वगैरे काही विचारलं नाही. मला वाटलं, आता एखादं वाक्य मिळणार. त्यांनी शबनम पिशवीतून एक कोरा कागद काढला. "पाट्या मिळंनात आता," म्हणाले. "पहिली बाजू भर."

आमच्या शाळेत मुलं भांडली की गुरुजी दोघांना पाटी द्यायचे. पहिल्या बाजूवर फक्त आपली चूक लिहायची. ती बाजू भरली तरच पाटी उलटून दुसऱ्याची लिहायची. पण या पद्धतीच्या आधी गुरुजींची पद्धत वेगळी होती, ती म्हणजे निरगुडीची छडी. तिसरीत असताना त्यांनी रागाच्या भरात चुलतभावाला असं मारलं की त्याची करंगळी मोडली. पोरगं ओरडलंसुद्धा नाही, पांढरं पडलं. दुसऱ्या दिवशी गुरुजी आले ते छडीशिवाय. ती खंडोबापुढं ठेवून आले होते. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'काल मी रागात एका मुलाचं बोट मोडलं. मुलाची चूक लहान होती, माझी मोठी.' मग आम्हा सगळ्यांकडून ते मोठ्यानं वाचून घेतलं. फळा आठवडाभर पुसू दिला नाही. तपासणीला साहेब आले तेव्हाही.

ती करंगळी आदल्याच दिवशी माझ्या गालावर होती.

मी म्हणालो, "गुरुजी, जबाब पोलीस घेतात. कागदानं काय होणार?"

ते म्हणाले, "आपला खंडोबा नळदुर्गाला ऱ्हायला जातो तवा आपलं आन् त्यांचं, दोन्ही गावं बसून कागद करतात. कधी न्यायचा, कधी आणायचा, सगळं लिहून. देवावर भरवसा न्हाय म्हणून न्हाय. माणसावर न्हाय म्हणून. देवाला कागद लागतो, तुमी कोण लागून गेलात?"

मी लिहायला बसलो. कॉक विसरलो. तिसऱ्यांदा विसरलो. चुकलं म्हणालो नाही. पहिला पाना मी मारला. गळा दाबला, मारण्यासाठी दाबला. खोटं सांगितलं, त्या खोट्यावर तीस वेली तुटल्या, दगड आला. बाजू भरली. मी कागद उलटायला गेलो तर हात थांबला; त्याच्याविषयी लिहायला बापाचं नाव काढलं आणि खोरं मारलं, एवढंच उरलं होतं. गुरुजींनी कागद घडी करून खिशात घातला आणि चारची गाडी पकडायला निघाले.

दुसऱ्या दिवशी बायको नसताना जमादारांना मी खरं सांगितलं, घरी मात्र सांगायचं टाळलं. ते लिहिता लिहिता वैतागले. म्हणाले, फिर्यादीनंच गुन्हा कबूल केला तर मी कागद कुणाच्या नावानं रंगवू? चुलतभावानं उलट तक्रार दिली नव्हती. शेवटी ठाण्यातल्या साहेबांनी दोघांनाही फैलावर घेतलं, आणि दोघांकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतला.

टाके निघाल्यावर गुरुजींनी देवळात दोन्ही घरं बसवली. त्यांच्या खिशात दोन कागद होते. माझ्याआधी ते चुलतभावाकडं जाऊन आले होते. त्याच्या कागदावर मोठ्या अक्षरात होतं, 'मेलेल्या माणसाला शिवी दिली. खोरं धारेकडनं मारलं.' माझा कागद मलाच वाचायला लावला. 'पहिला पाना मी मारला' इथं माझा आवाज बसला, तेव्हा गुरुजी म्हणाले, ऐकू आलं न्हाय, पुन्हा. मी पुन्हा वाचलं. माझे मेहुणे खाली बघत बसले. मग पाण्याचा कागद झाला: कॉक फिरवला की दुसऱ्याला फोन करून सांगायचं, आणि तीस वेली मी स्वतः खड्डे घेऊन लावून द्यायच्या. चुलतभावानं सही केली. वाकड्या करंगळीनं कागद दाबून धरला होता. "आण्णा, तू कर," एवढंच म्हणाला.

बायको बायकांत बसून सगळं ऐकत होती. घरी जाताना माझ्या दहा पावलं पुढं चालली. घरी आल्यावर तिनं तो दगड उंबऱ्याशी ठेवला, आतून पोराची जुनी शंभर पानी वही आणून माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "माझे भाऊ कुऱ्हाडी घेऊन आले ते तुमच्या शब्दावर. आन् खरं मला देवळात, चार बायकांच्यात कळतंय. बसा आता, संसाराच्या पंचवीस वर्षांचं लिवा. आन् अक्षर बारीक काढा, वही पुरायची न्हाय."