डेट्रॉईटच्या दक्षिणेला

यादवराव सूर्यवंशींनी अहमदपूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर मुलगा रत्नदीप त्यांना आणि पत्नी सरलाबाईंना सिंगापूरला घेऊन आला. तो इथे संशोधक आहे. चोआ चू कांग भागातल्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये यादवरावांचं बरं चाललं होतं. सकाळी खाली फेऱ्या, दुपारी लायब्ररी आणि संध्याकाळी नात जान्हवीचा अभ्यास.

गेल्या वर्षी शाळेच्या क्विझची तयारी करताना तिने त्यांना विचारलं, अमेरिकेतल्या डेट्रॉईटहून सरळ दक्षिणेला निघालं तर पहिला परका देश कोणता लागेल? क्यूबा नाहीतर मेक्सिको, असं ते म्हणाले.

“कॅनडा लाह, आबा,” ती इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली.

यादवराव हसले. कॅनडा अमेरिकेच्या उत्तरेला, हे त्यांनी वर्गावर्गांकडून घोकून घेतलं होतं. जान्हवीने अॅटलास पुढे केला. तिथे नदी अशी वळते की पलीकडचं विंडसर हे कॅनडातलं शहर डेट्रॉईटच्या दक्षिणेला येतं. मग तिने आणखी दाखवलं: नेवाडातलं रीनो लॉस एंजेलिसपेक्षाही पश्चिमेला आहे, आफ्रिकेला सर्वांत जवळचं अमेरिकी राज्य फ्लोरिडा नव्हे, मेन. यादवरावांनी पट्टी लावून एकेक तपासलं. सगळं खरं निघालं.

जेवताना त्यांनी सरलाबाईंना सांगितलं. कितीतरी वर्षांपूर्वी सातवीतली मुक्ता ढगे भिंतीवरच्या नकाशापाशी उभी राहून म्हणाली होती की सर, डेट्रॉईटच्या खाली कॅनडा दिसतोय. ते फळ्यावर लिहीत होते. मागे वळूनही न बघता त्यांनी तिला आधी नकाशा वाचायला शिक म्हणून सुनावलं. वर्ग हसला, आणि ती खाली बसली.

“फोन करा तिला,” सरलाबाई म्हणाल्या.

जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारून नंबर मिळायला चार दिवस गेले. मुक्ता आता उदगीरजवळच्या शाळेत शिक्षिका होती. यादवरावांनी ख्यालीखुशालीही विचारली नाही.

“मुक्ता, तू बरोबर होतीस. मी नकाशाकडे बघितलंच नव्हतं. सगळ्यांसमोर तुझं हसं केलं. माझं चुकलं.”

 ती म्हणाली की तिला सगळं आठवतं. त्यानंतर वर्षभर तिने वर्गात हात वर केला नव्हता.

“पण सर, सातवीनंतर वडील माझी शाळा बंद करणार होते. तेव्हा तुम्ही तीनदा घरी आला होतात. ते आठवतं का?”

त्यांना आठवत नव्हतं. दर उन्हाळ्यात ते अशा कितीतरी घरी जायचे.

“मला दोन्ही आठवतं,” मुक्ता म्हणाली. “आणि आज मी शिकवते आहे ती त्या तीन खेपांमुळे.”

तिच्या वर्गातल्या पोरांना हे सगळं त्यांनीच सांगावं, असा तिने आग्रह धरला. पुढच्या शनिवारी, तिथे सकाळचे आठ वाजले होते आणि इथे साडेदहा, यादवराव इस्त्रीचा शर्ट घालून टॅबलेटसमोर बसले. सुरुवात त्यांनी स्वतःच्या चुकीपासून केली. पोरं खळखळून हसली, मुक्ताही हसली. मग एका मुलीने विचारलं, अमेरिकेचं सगळ्यात पूर्वेकडचं राज्य कोणतं? मेन म्हणायला त्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात शेजारून जान्हवीने त्यांचा हात दाबून कानात सांगितलं. अलास्काची काही बेटं एकशे ऐंशी अंश रेखावृत्त ओलांडून पूर्व गोलार्धात जातात, म्हणून आकड्यांच्या हिशेबाने उत्तर अलास्काही येतं. यादवरावांनी ते पोरांना सांगितलं, आणि हे मला आत्ताच माझ्या नातीने शिकवलं, हेही सांगितलं.

आता दर शनिवारी हा तास होतो. तास संपला की यादवराव मुक्ताचे आभार मानतात आणि ती त्यांना, सर, किती वेळा, म्हणून थांबवते. ते काही थांबत नाहीत. मग ते जान्हवीला घेऊन खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, जातात आणि तिला हवं ते खाऊ घालतात.