आतली कडी

नव्या खोलीत पाऊल टाकलं की सुपडूनाना आधी दाराच्या मागे हात फिरवत. सत्त्याऐंशी साली ते आमच्या धुळ्याच्या घरी राहायला आले, तेव्हाही हातातली पिशवी खाली न ठेवता त्यांनी विचारलं, "भाऊ, मझारनी कडी शे ना?" आतून कडी होती. त्यांनी ती लावली, काढली, पुन्हा लावली. बाहेर आम्ही उभेच.

भावकीच्या भांडणात नानांच्या हातून खून झालेला. चौदा वर्षं तुरुंगात काढली, तिथेच काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. सुटल्यावर घरचं कुणी न्यायला आलं नाही. तुरुंगातून सुटलेल्या अशा अपंग माणसांना खोली मिळवून देणारी एक संस्था होती. वडिलांनी तिला परसातली खोली दिली. शेजाऱ्यांनी नाकं मुरडली, पण महिन्याभरात त्यांच्याच बाजा नाना विणायला लागले. सुंभ बोटांवरून सरकवत म्हणायचे, "बाज ताणेल जोयजे, मानूस नही."

पुढे वडील गेले आणि घराचा कारभार माझ्याकडे आला. धाकट्या बहिणीला बघायला अमळनेरचे पाहुणे यायचे होते. खुनाची शिक्षा भोगलेला माणूस परसात दिसला तर? मी नानांना म्हटलं, "पाहुणे जाईपर्यंत बाहेर येऊ नका."

"बरं भाऊ. मी खोकलसू बी नही."

त्यांचा शब्द म्हणजे शब्द, हे मला ठाऊक होतं. तरी निघताना मी बाहेरची कडी लावली. हळूच लावली; पण आंधळ्या माणसापासून आवाज काय लपवणार!

पोहे खाऊन जायचे ते पाहुणे जेवायला थांबले. जायला चार वाजले. दार उघडलं तर नाना स्वतःच्याच धोतराने ओली फरशी पुसत होते. संडास परसाच्या टोकाला आहे, हे मला दिवसभर आठवलं नव्हतं.

"आवाज का नाही दिलात?" मी उलटा त्यांच्यावरच चिडलो.

"शबद दिधा व्हता ना, भाऊ."

लग्न जमलं. जावईबापूंना नानांचं सगळं कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग त्यात काय?" आमच्याकडे आले की ते आधी परसात जाऊन नानांशी गप्पा मारत बसत. मी आतून ऐकायचो. मान वर होत नसे.

बाहेरची कडी मी पाहुणे गेले त्याच संध्याकाळी उपटून काढली होती. नानांचा हात धरून खिळ्यांची भोकं त्यांना चाचपायला लावली. "हा भाऊ," ते म्हणाले. पण त्यानंतर ते गेले तोवर त्यांनी दार कधी लावलंच नाही. ते उघडंच राहावं म्हणून दाराला एक वीट टेकवून ठेवत.

एकदा ऐन थंडीत मी म्हणालो, "नाना, गारठा आहे. कडी लावून घ्या."

"कोनती, भाऊ?" त्यांनी विचारलं.

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.