बाईच्या अंगातली देवी

मोठ्या जाऊबाई, यमुनाबाई, गेल्याचा फोन आलापल्लीहून त्यांच्या मुलानं केला. "काकू, माय गेली. चहा पेली, कप धुतला, पालथा ठेवला, अन् बाजेवर आडवी झाली." रडत रडत तो हे सांगत होता, आणि कप पालथा ठेवल्याचं ऐकून मला रडता रडता हसू आलं. बाई तशाच होत्या. आवरल्याशिवाय कुठं जायच्या नाहीत.

मी लग्न होऊन त्या घरात आले ते पन्नासच्या दशकात. मोठे दीर जंगलखात्याच्या लाकूड डेपोत होते. आल्याच्या वर्षी मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, ढोल वाजू लागले आणि माझ्याशेजारी उभ्या असलेल्या यमुनाबाई एकदम घुमायला लागल्या. केस सुटले, डोळे वर गेले. मी घाबरून सासूबाईंच्या मागं लपले. लोक मात्र पाया पडत होते. बाईंच्या अंगात देवी आली होती.

सासूबाईंनी त्यांना जंगलातल्या गावी मैनाबाईकडे नेलं. मैनाबाई गोंडांची म्हातारी, आपल्या पेनाची, म्हणजे देवाची, सेवा करणारी. माझ्या डोळ्यांत कुतूहल दिसलं असावं, म्हणून सोबतीला मलाही घेतलं. वाटलं होतं, काही मंत्र शिकवील. म्हातारीनं बाईंना मोहफुलं निवडायला बसवलं, आणि जी कोणी माणसं गाऱ्हाणं घेऊन येतील त्यांचं नुसतं ऐकायला सांगितलं. "देव येते ते सोपं हाय, पोरी. तो वापस जाते तेई सोपं. मधात जो बोलते तो देव हाय का तू हायेस, ते ओळखनं कठीन. आधी कान, मंग तोंड."

बाई शिकत होत्या, पण चुकतही होत्या. एका मंगळवारी देवी आली आणि गरजून म्हणाली, "या घरातल्या मोठ्या सुनेले नवं लुगडं पाह्यजे." सासूबाईंनी हात जोडले. हे मैनाबाईच्या कानावर गेलं तेव्हा ती पोट धरून हसली. "हे देवीचं नाई, तुहं हाय." बाईंचा चेहरा पडला. घरी येऊन त्यांनी सासूबाईंना खरं सांगून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "मंग तसं तोंडानं मागायचं ना." लुगडं आलं, हिरव्या काठाचं.

पुढं एका उन्हाळ्यात गावातली गुरं पटापट मरू लागली. गिरजा नावाची एक विधवा लहान मुलाला घेऊन कुठूनशी येऊन गावाच्या टोकाला राहत होती. तिनंच करणी केली, अशी कुजबुज सुरू झाली. भरदुपारी पाटलासकट सारा गाव आमच्या अंगणात जमला. ढोल आणले, लिंबं आणली. नाव देवीच्या तोंडून हवं होतं. गिरजालाही धरून आणून कोपऱ्यात बसवलं होतं.

ढोल वाजू लागले. बाई पाटावर डोळे मिटून बसल्या. घाम फुटला, मान हलली, आणि लोक पुढं सरकले... पण बाईंनी डोळे उघडले. अगदी नेहमीसारखे. म्हणाल्या, "आली नाई."

"पुन्हा वाजवा," पाटील म्हणाला.

पुन्हा वाजले. बाई तशाच. "भाऊ, आली नाई म्हनजे नाई. माह्या मनात या बाईचं नाव हाय, काऊन का तुम्हीच सकाळपासून घेऊन राह्यले. ते माह्या तोंडातून निघालं तर तुमचं निघंल, देवीचं नाई."

मग बाई उठल्या, गिरजाजवळ गेल्या, तिला हाताला धरून स्वयंपाकघरात आणलं आणि मला म्हणाल्या, "हिले भात वाढ." बाहेर ढोलवाले विडी ओढत बसले. थोड्या वेळानं पाटीलही निघून गेला.

काही दिवस आमच्याकडे कोणी फिरकलं नाही. पावसाळा लागला, रोगाचा जोर ओसरला, आणि गिरजाच्या दाराशी कोणी त्रास द्यायला गेलं नाही. मग हळूहळू माणसं पुन्हा येऊ लागली, पूर्वीपेक्षा जास्त. जी बाई "आली नाई" असं भर गावासमोर सांगते, ती आली म्हणते तेव्हा खरंच आली असणार, असं लोकांना वाटत असावं. बाईंना विचारलं तर त्या म्हणायच्या, "मले का माहीत? मी आपलं ऐकतो."

फोन आल्यावर मी आलापल्लीला गेले, आणि बाईंचे तेराव्यापर्यंतचे दिवस आटोपल्यावरही काही काळ तिथंच राहिले. एका दुपारी गिरजाची सून बाईंच्या खोलीत येऊन बसली. खोलीत बाज तशीच, भिंतीला बाई टेकायच्या तिथं तेलाचा डाग. सून सवयीनं त्या डागाकडे तोंड करूनच बोलत होती. मुलीला सिरोंच्याचं स्थळ आलं आहे, मुलगा चांगला आहे, पण दूर पडते... मनातलं सारं सांगून झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं.

"काकू, काय करू?"

माझ्या अंगात काही येत नाही. मी विचारलं, "पोरगी काय म्हणते?"

ती थबकली. "तिले तर पुसलंच नाई," म्हणाली, आणि चपला घालून घराकडे निघाली.