भावाचा फोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही – पण आता आत ठेवलं तर मला माझीच किळस येते.

तुळजापूरच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. गेल्या महिन्यात तिथं एक सिनेमा दाखवला. लोकप्रिय गायक, आणि त्याच्या मुठीत गुदमरणारी त्याची बायको. आधी मुलांना एक पत्रक द्यायचं होतं – कोणत्या दृश्यांचा त्रास होऊ शकेल, एवढंच. ते मी लिहिलं. दारू लिहिली, शिव्या लिहिल्या, आरशापुढची थप्पड लिहिली. तो तिचा मोबाइल तपासतो, तिचे कपडे ठरवतो, हेही लिहिलं.

एक दृश्य गाळलं. विसरलो? नाही. त्यात बायको माहेरी पळून येते, आणि तिचा भाऊ नवऱ्याला फोन करतो.

माझी धाकटी बहीण शोभा अशाच एका गाणाऱ्याला दिली होती. देवीची गाणी म्हणायचा तो. जत्रेत त्याचे बॅनर, ज्याच्या त्याच्या मोबाइलवर त्याचाच आवाज. शोभा त्याच्या मागं कोरसमध्ये उभी. आणि मी, चार पुस्तकं वाचलेला माणूस, दाजींबरोबर फोटो निघाला की फुगायचो.

एका दुपारी ती जळकोटला आमच्या घरी आली. एसटीनं, पायात घरातल्या स्लिपर.

"दादा, त्यांना सांगू नको. चार दिस राहू दे. तिथं जीव घुसमटतोय माझा."

"मारतात का?"

"न्हाय."

"मग तेवढं काय त्यात?"

कडब्याच्या गंजीमागं जाऊन मी फोन केला. तासाभरात गाडी आली. गावातली माणसं सेल्फीसाठी दारात जमली. तो हसत म्हणाला, "काय मेव्हणं, आमची मैना इकडं उडून आली व्हय?" सगळे हसले. मीही हसलो. शोभा गाडीत बसली. माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या नवरात्रात ती तापानं फणफणली होती. त्यानं एकही कार्यक्रम सोडू दिला नाही. दवाखान्यात नेली तेव्हा उशीर झाला होता. दहाव्याला मी त्याच्या अंगावर धावून गेलो, चौघांनी मला धरलं. खरा होता का तो संताप? अर्धाच. ती जळकोटला आल्याचं त्याला कळलं कसं, हे कुणी विचारू नये म्हणून उरलेला आरडाओरडा.

सिनेमात ते दृश्य आलं, तेव्हा दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयात आली. पत्रक माझ्या टेबलावर ठेवलं.

"सर, भावाचं ह्यात लिहिलंच न्हाय तुम्ही."

"तेवढं काय त्यात?" मी म्हणालो.

ती पत्रक तिथंच सोडून गेली. तिला घरी भाऊ आहे का, हे मी विचारलं नाही.