गाणार कोण?

गेल्या रविवारी मिरजेला गेलो होतो, तानपुरा घ्यायला. सोबत माझी अकरा वर्षांची लेक, सई. निघताना मी इतका खुशीत होतो की बायको म्हणाली, वरात निघाल्यासारखं काय करताय...

सई तीन वर्षं दर शनिवारी साताऱ्यात गाण्याच्या क्लासला जाते. म्हणजे मी नेतो. लहानपणी मलाच गाणं शिकायचं होतं, पण आमचे आण्णा फौजेतले. "गाण्यानं पोट भरतंय व्हय रं?" एवढ्यावर विषय मिटायचा. पुढं मी कंपनीत चिकटलो आणि ठरवून टाकलं, माझ्या पोरीला कुणी अडवायचं नाही. तिला विचारायचं तेवढं राहून गेलं.

दुकानात भिंतीला टेकवून दहा-बारा तानपुरे होते. शिरल्या शिरल्या माझा हात एका थोराड भोपळ्याच्या तानपुऱ्यावर पडला. तार छेडली आणि अंगावर काटाच आला... म्हटलं, हाच द्या.

एक म्हातारे कारागीर तारेखाली दोरा सरकवत बसले होते. त्यांनी आधी सईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सायेब, ह्यो जेन्ट्स तानपुरा हाय. पोरीच्या पट्टीला कसा चालंल? गाणार कोन?"

खरं सांगतो, लाज वाटली. तीन वर्षं क्लासबाहेरच्या बाकावर बसून एवढं मला नक्कीच कळत होतं. तरी हात गेला तो माझ्याच आवाजाच्या तानपुऱ्याकडे.

ते सईला म्हणाले, "बाळ, सा लाव बगू."

ती तानपुऱ्यापासून मागं सरकली. मग हळूच म्हणाली, "पप्पा, तुमीच लावा की... मला शाळेच्या खो-खोत जायचंय. प्रॅक्टिस शनिवारीच असती."

तीन वर्षं बोलली का नाहीस, म्हटलं, तर म्हणाली, "क्लासला जाताना गाडीवर वीस मिनिटं आपण दोघंच असतोय ना. एरवी तुमी कंपनीतच."

कारागिरांनीच तानपुरा माझ्या हातातून काढून घेतला. "आज न्हेऊ नका. गाणारा ठरला की या." हातातलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच.

काल शनिवार. गाडी क्लासऐवजी मैदानावर गेली. वाटेत सई इतकं बोलली, इतकं बोलली... क्लासला जाताना ती गप्प असायची आणि मला वाटायचं, मनात रियाज चाललाय!

क्लासमध्ये आता बुधवारच्या बॅचला माझं नाव घातलंय. बॅचमधली बाकी सगळी सात-आठ वर्षांची आहेत, सर मला 'काका' म्हणतात. पण आज ही पोस्ट सईसाठी. माझा हट्ट या पोरीनं तीन वर्षं तोंड वाकडं न करता सोसला... आणि बदल्यात मागितला काय, तर वीस मिनिटांचा बाप.